नंबर अंदाजे

सोमवार, ४ मार्च

ही वही हिने आणून दिली. "दिवसभराची चिडचिड यात ओता आणि घरी रिकामे होऊन या," म्हणाली. तेहतीस वर्षं माझ्याशी संसार केलेल्या बाईचा सल्ला मानावा लागतो, म्हणून लिहितोय. दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहीन आणि इथेच ठेवीन. घरी नेली तर सगळे वाचतील.

चिडचिडीचं कारण सूनबाई. तिचं शिक्षण डोळे तपासण्याचंच, त्यामुळे लग्नानंतर ती चष्म्याच्या दुकानात येणार हे ठरलेलंच होतं. मीच हौसेने चारचौघांत सांगत फिरलो की आता माझ्या हाताखाली कोणीतरी आलं. ती आली आणि पहिल्याच महिन्यात म्हणाली, "बाबा, ही कार्डं कॉम्प्युटरवर घेऊ या." एकतीस वर्षांची कार्डं, अकरा लाकडी खण. प्रत्येक कार्ड माझ्या हातचं. नाव, पत्ता, दोन्ही डोळ्यांचे नंबर, फ्रेम, आणि सगळ्यात खाली एक ओळ शेऱ्याची.

शेरा ही माझी खासियत आहे. माणूस दोन वर्षांनी परत आला तरी शेरा वाचला की तो अख्खा आठवतो. 'फ्रेमला नावं ठेवतो, शेवटी तीच घेतो.' 'बायको बोलते, हा मान डोलावतो.' 'नाक नाही, फ्रेम कशावर टिकणार.' गिऱ्हाईक काही ते वाचायला येत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येतं.

सूनबाई एकेक कार्ड मोठ्याने वाचते आणि हसते. आज साठ झाली. ते हसणं कौतुकाचं की दुसरं काही, ते अजून कळलेलं नाही.

बुधवार, ६ मार्च

आज हसली नाही. एक कार्ड माझ्यासमोर धरून म्हणाली, "बाबा, 'ठार बहिरा, कानात ओरडणे' हे असंच टाकायचं कॉम्प्युटरवर?"

"मग? आहे तसं टाक."

"आणि हे? 'मुकी पोर, आई असेल तरच तपासणे.' आणि हे बघा, 'मुका, अर्धवट.'"

"अगं, मनात काही नसतं. ओळखायला म्हणून लिहितो. चकण्याला चकणाच म्हणणार ना?"

"चकण्यालाही म्हणू नये. निदान डोळ्यांच्या दुकानात तरी."

मी म्हटलं, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. बहिऱ्याला बहिरा म्हणायचं नाही तर काय शहाणा म्हणायचं? तर म्हणते, "शहाणा असेल तर म्हणायला काय हरकत आहे?" शब्दाला शब्द तयारच. जेवताना हिला सांगितलं, तर ही सूनबाईच्याच बाजूने. आमच्या घरात माझं बहुमत कधी नव्हतंच.

असल्या एकवीस कार्डांचा वेगळा गठ्ठा करून तिने त्याला रबर लावून ठेवलंय.

शनिवार, ९ मार्च

लिहावं की नाही असं झालंय. पण वही त्यासाठीच आहे.

अकराच्या सुमारास दुकानातले दिवे एकदम गेले, आले, गेले, आले. मी आत काच घासत होतो. वाटलं फ्यूज गेला. बाहेर येऊन बघतो तर दाराजवळच्या बटणावर बोट ठेवून एक बाई उभी. चाळिशीची, अंगात निळा एप्रन, नखांत पांढरी पूड. मी म्हटलं, "अहो, घरचं बटण आहे का हे?" तिने बटण सोडलं, काउंटरशी आली आणि चष्मा काढून माझ्यासमोर ठेवला. तेव्हा ओळखलं. जानेवारीतली मुकी. एकटीच आली होती, आणि मी जे विचारेन त्याला हो, हो अशी मान हलवत होती.

आज तिने खिशातून कागद काढला. घरून लिहूनच आणला होता. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. तो माझ्याकडेच राहिलाय, म्हणून उतरवून ठेवतो.

"या चष्म्याने माझं काम बिघडलं. मी दातांच्या लॅबमध्ये मेणात दात कोरते, त्याच्यावरून कॅप बनते. बारा वर्षं करते. वर्षाला एखादी कॅप परत यायची. जानेवारीपासून नऊ आल्या. कड केसभर चुकते आणि मला ते दिसत नाही. साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर कोरायचं काम दुसऱ्याला आणि मला साचे धुवायला बसवणार. चष्मा तपासा. माझं कार्ड दाखवा."

माझा नंबर चुकेल? मी मोठ्याने म्हटलं, "नंबर बरोबर आहे. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मी काही बोलायच्या आत सूनबाईने रबरवाल्या गठ्ठ्यातून कार्ड काढलं. काढलं, वाचलं आणि तिचा हात अडखळला. पण तोवर ते बाईने घेतलं होतं.

शेरा होता: 'मुकी-बहिरी. जरा मंद. सगळ्याला हो म्हणते. नंबर अंदाजे.'

तिने दोनदा वाचलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. 'अंदाजे' या शब्दाखाली तिने नखाने रेघ ओढली, कार्ड काउंटरवर ठेवलं, पिशवीतून जुना, एका दांडीला दोरा गुंडाळलेला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि गेली. मी केलेला नवा चष्मा तिथेच राहिला.

सूनबाईने कार्ड उचलून गठ्ठ्यात परत ठेवलं. तिने काहीतरी बोलावं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

रविवार, १० मार्च

दुकान बंद. तरी किल्ली घेऊन आलो. हिला सांगितलं, एक फ्रेम सरळ करायची राहिलीय.

'अंदाजे' हा शब्द माझ्याच अक्षरात आहे, त्यामुळे नाकारता येत नाही. असा आणखी कुठे लिहिलाय का म्हणून रबरवाला गठ्ठा सोडला. एकवीसपैकी सात कार्डांवर सापडला. मग सूनबाईने आत्तापर्यंत कॉम्प्युटरवर घेतलेली बाकीची तीनशे कार्डं चाळली. त्यातल्या एकावरही नाही.

योगायोग असेल.

सोमवार, ११ मार्च

चूक झाली तर माफी मागायला मी मागे हटणारा माणूस नाही. (नंबर चुकला असं मी म्हणत नाही. शेरा चुकला.) म्हणून आज तिला पत्र लिहिलं. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर यायचा, तो हात अजून गेलेला नाही. थोडासा भाग असा:

"मूकबधिर भगिनीस सादर प्रणाम. नियतीने आपली वाचा हिरावून घेतली असली, तरी आपण नॉर्मल माणसांप्रमाणे स्वतःच्या पायांवर उभ्या आहात, हे पाहून ऊर भरून आला. आपल्यासारख्या दुर्दैवी जिवांची सेवा करण्याची पुन्हा एक संधी द्यावी."

'मुकी' काढून 'मूकबधिर' घातलं. शब्द संस्कृत असला की आदर आपोआप येतो. सूनबाईला वाचून दाखवलं तर ती खालचा ओठ दातात धरून बसली होती. गहिवरली असावी. म्हणाली, "पोस्टाने नको बाबा. उद्या मी स्वतः नेऊन देते."

मंगळवार, १२ मार्च

लॅब इथून दोन चौकांवर आहे. पत्र द्यायला दोन तास कसे लागतात? परत आली ती खुशीत. विचारलं तर म्हणाली, गप्पा मारत बसले. मुक्या बाईशी गप्पा! मला काय वेड्यात काढते काय.

गुरुवार, १४ मार्च

पत्राचं उत्तर आलं. उत्तर म्हणजे माझंच पत्र परत आलं, मास्तर वही तपासतात तसं लाल शाईने तपासून.

'मूक'भोवती गोल करून समासात लिहिलंय, "मी मुकी नाही. दिवसभर बोलते. हातांनी." 'वाचा हिरावून घेतली' याच्याखाली, "कोणी घेतली? आहे माझ्याकडे." 'दुर्दैवी'भोवती गोल, "चष्मा चुकेपर्यंत नव्हते." 'नॉर्मल माणसांप्रमाणे' यावर दोन रेघा आणि पुढे, "तुम्ही नॉर्मल असाल तर नंबर बरोबर यायला हवा होता."

खाली एकच ओळ. "शेऱ्याची माफी नको. नंबर परत काढा. सतरा दिवस राहिले."

एवढ्या आदराने लिहिलेल्या पत्रात एक वाक्य धड उरलं नाही. सूनबाईला दाखवलं तर तिला हसू आवरेना, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्याबद्दल सगळं लिहिलंत, फक्त चष्म्याबद्दल लिहायचं राहिलं."

ही मुलगी हल्ली काउंटरखाली सारखी बोटं वळवत बसते. मूठ, अंगठा, करंगळी, परत मूठ. कॅल्शियम कमी झालं असणार. हिला सांगून तिचं दूध वाढवायला हवं.

शुक्रवार, १५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी गिऱ्हाईक नव्हतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचा स्वतःचा नंबर काढून वर्ष झालं. बसा खुर्चीत." बसलो. आमची तपासणीची खोली अंधारी, फक्त समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर दिवा. तपासणारा यंत्राच्या मागे उभा राहून काचा बदलतो आणि विचारतो, ही बरी की ती? माझं अर्धं आयुष्य तेच वाक्य म्हणण्यात गेलंय.

तिने दार लावलं, दिवा घालवला, डोळ्यासमोर काच आली. पुढे काही नाही. मी म्हटलं, "अगं, विचार की." गप्प. दुसरी काच आली. तक्त्याच्या उजेडात तिची हनुवटी हलताना दिसली, म्हणजे काहीतरी विचारत होती, पण नुसतेच ओठ हलवून. ही काच म्हणते की आधीची? परत पहिली काच आली. की तिसरी होती? ती थांबून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मला कानकोंडं झालं. एकतीस वर्षं ज्या खुर्चीवर लोकांना बसवलं तिच्यात आपण बावळटासारखे बसलोय, हे काही बरं वाटेना. लवकर आटपावं म्हणून मी काय केलं, तर मान हलवली. हो. पुढची काच. हो. पुढची. हो, हो.

मग तिने दिवा लावला आणि मी 'निवडलेला' नंबर कागदावर लिहून हातात दिला. उजव्या डोळ्याला तिरका नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल, जो मला जन्मात नव्हता. डावा पाऊण नंबरने जास्त.

"हा चष्मा करून देऊ का तुम्हाला?" तिने विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. "शेऱ्यात काय लिहू?"

जानेवारीत मी त्या बाईला काही विचारलंच नव्हतं. अंधारात, यंत्रामागे तोंड लपवून मी बडबडत होतो. तिने माझ्यासारखीच मान हलवली, आणि ते उत्तर धरून मी तिचा चष्मा केला. वर तिलाच मंद म्हटलं. मला फार लाज वाटली. त्या सात कार्डांवरची माणसं आठवून तर जास्तच वाटली. योगायोग नव्हता तो.

सूनबाई म्हणाली, "मी निरोप देते. सोमवारी येईल."

सोमवार, १८ मार्च

आली. आल्याआल्या वही काढून लिहिलं, "आधी उजेडात सगळं सांगा. मग अंधार."

मी समोर बसून सांगायला लागलो. तिने माझ्या ओठांकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या, हात वर करून मला थांबवलं आणि लिहिलं, "तुमची वरची कवळी सैल आहे. बोलताना ओठ तिला सावरायला जातात. त्यावर ही मिशी. मला एक अक्षर वाचता येत नाही."

सूनबाईला अचानक खोकला झाला. मी इतके दिवस समजत होतो की समोरच्याला कळत नाही. इथे आपलंच नाणं खोटं निघालं.

मग लिहून ठरवलं. मनगटावर बोटाने एकदा टोकलं की पहिली काच, दोनदा टोकलं की दुसरी. जी बरी तितकी बोटं तिने वर करायची. दोन्ही सारख्या वाटल्या तर मूठ. कळलं नाही तर पंजा, म्हणजे परत दाखवा. दिवा घालवला. पहिल्या पाच मिनिटांत तिने तीनदा पंजा दाखवला. एकदा मी घाईत टोकायचं विसरलो तर माझ्याच मनगटावर चापट बसली. नेहमी दहा मिनिटं लागतात, आज पाऊण तास लागला. पण इतकी नेमकी उत्तरं देणारं गिऱ्हाईक मला कित्येक वर्षांत भेटलेलं नाही. पाव नंबरचा फरक ती सुटू देत नव्हती. उजव्या डोळ्याचा तिरका नंबर मी जानेवारीत सपशेल चुकवला होता.

जवळचा नंबर काढायची वेळ आली तेव्हा तिने पिशवीतून मेणाचा दात आणि बारीक सुरी काढली, कोपर टेबलावर टेकवलं आणि काम करते तशी बसली. दात नाकापासून वीतभर अंतरावर. मी तिला पुस्तक वाचायच्या अंतराचा नंबर दिला होता. तुम्ही काम काय करता, एवढा साधा प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. तिला विचारला नव्हता. मुक्या बाईचं काम काय असणार, असं वाटलं असेल. असेल कशाला, वाटलंच होतं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे." तिने कवळीकडे बोट दाखवलं. नाइलाजाने लिहावं लागलं. "जानेवारीचा नंबर मी चुकवला. तुमची काही चूक नव्हती." बोलणं सोपं असतं, लिहिताना हात जड होतो. तिने खाली सही करायला लावली, दुकानाचा शिक्का मारून घेतला आणि लिहिलं, "साहेबांना दाखवते."

जाताना मी तिचं कार्ड पुढे केलं आणि शेऱ्याच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, काय लिहू? तिने वहीचं नवं पान काढून लिहिलं.

"कर्णबधिर लिहा, मला चालतं. दुसऱ्यांना वेगळं आवडेल, त्यांना विचारून लिहा. पण पुढे तुम्ही काय करायचं ते लिहा. माझ्यात काय कमी आहे ते वाचून तुमच्या हाताला काय कळणार?"

जुना शेरा खोडला. नवा असा: 'कर्णबधिर. मेणात दात कोरतात, काम वीतभर अंतरावर. आधी उजेडात लिहून समजावणे, मग मनगटावर टोकून विचारणे. पंजा दाखवला तर परत.' एका ओळीत मावेना, म्हणून मागच्या बाजूला गेला.

मंगळवार, १९ मार्च

मिशी काढली. ही दारातच म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?" कवळी दुरुस्तीला टाकली. ती नेमकी कोणत्या लॅबमध्ये गेली ते मी हिला सांगितलेलं नाही.

सूनबाई दुपारी परत दोन तास गायब. मी काही विचारलं नाही.

गुरुवार, २१ मार्च

तिचा चष्मा तयार झाला. काचा मी स्वतः घासल्या, तीनदा मोजल्या. तिने घातला, खिशातला मेणाचा दात डोळ्यांसमोर धरला, कडेवरून नख फिरवलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग मान हलवली. यावेळचं हो खरं होतं, एवढं मला आता कळतं.

दहा दिवस राहिलेत.

सोमवार, २५ मार्च

'ठार बहिरा, कानात ओरडणे' आज आले. पंच्याऐंशीचे आजोबा, माझे अगदी सुरुवातीचे गिऱ्हाईक. पाटीवर लिहून विचारलं, आजोबा, तुमच्या कार्डावर काय लिहू?

ते दणदणीत आवाजात म्हणाले, "बहिराच लिही की. या वयात लपवतोय कोणापासून? मला त्या शब्दाचं काही नाही. पण बाबा, तू ओरडू नकोस रे. तीस वर्षं माझ्या कानात ओरडतोयस. नुसता आवाज फुटतो, शब्द एक कळत नाही."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू मनापासून ओरडायचास," ते म्हणाले. "म्हटलं, जाऊ दे."

लिहिलं: 'बहिरा (त्यांचाच शब्द). समोर बसून सावकाश बोलणे. ओरडायचं नाही.' शेवटचं वाक्य सूनबाईने कॉम्प्युटरवर लाल रंगात टाकलं.

'मुकी पोर'लाही सूनबाईने मोबाईलवर मेसेज करून विचारलं. ती पोर आता चोवीस वर्षांची आहे आणि शाळेत शिकवते. तिचं उत्तर आलं, "मला बधिर म्हणा. आई नको, मी एकटी येईन." इतकी वर्षं दरवेळी मी आईलाच विचारत होतो, तिला बरं दिसतंय का म्हणून.

शनिवार, ३० मार्च

आज महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. काही कळलेलं नाही, सूनबाईलाही नाही. सकाळपासून दोनदा चुकीची फ्रेम दिली. ही फोनवर म्हणाली, "एवढा जीव खाली-वर होतोय तर जाऊन बघून या ना."

दुपारी गेलो. लॅबला रस्त्याकडे मोठी खिडकी आहे. आत दिवा, टेबलं, मेणाचे दात ओळीत मांडलेले. खिडकीजवळचं तिचं स्टूल रिकामं होतं. मागच्या बाजूला नळाखाली कोणीतरी पाठमोरं साचे धुत होतं. निळा एप्रन. मी काचेला नाक लावून बघत होतो, पण ती आहे की दुसरी कोणी ते दिसेना. आत जायचा धीर झाला नाही. तसाच परत आलो.

माझ्या एका आळसापायी त्या बाईची बारा वर्षं नळाखाली गेली असतील, तर या कार्डांचे शेरे सोन्याच्या शाईने लिहून काय उपयोग?

मंगळवार, २ एप्रिल

परवा रविवार आणि काल वर्षअखेरच्या हिशेबाची सुट्टी, लॅबही बंद. रात्र-दिवस तेच डोक्यात.

आज दहा वाजता दुकानातले दिवे गेले, आले, गेले, आले. मी आतून धावत बाहेर आलो, हातात अर्धी घासलेली काच. दारात ती उभी होती. तिने वही माझ्या नाकासमोर धरली.

"नव्या चष्म्याने चौदा कॅप. एकही परत नाही. शनिवारी साहेबांनी मला डॉक्टरकडे पाठवलं, कॅप तोंडात बसते कशी ते बघायला. जागा माझीच राहिली."

मी दोनदा वाचलं. मग खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं, इथे लिहायला काय लाजायचं. तिला वाटलं मला बरं नाही. तिने सूनबाईला हाक मारली, म्हणजे पायाने जमिनीवर थाप मारली, आणि सूनबाई पाणी घेऊन आली. मी रडतोय हे कळल्यावर ती बाई मोठ्याने हसली. चांगला खणखणीत आवाज आहे तिच्या हसण्याला. तीन दिवसांनी मला घास गोड लागला.

शनिवार, ६ एप्रिल

आज ती चार जणांना घेऊन आली. दोघं लॅबमधले, एक तिचा नवरा, एक तिची मैत्रीण. सगळे कर्णबधिर, सगळ्यांना नंबर काढायचा होता. बरेच दिवस पुढे ढकलत होते म्हणे, कारण कुठेही गेलं तरी अंधाऱ्या खोलीत बसून मान हलवावी लागते.

दुकान भरून गेलं. पाच जण एकाच वेळी हातांनी बोलत होते, एकमेकांच्या मध्ये तोंड घालत होते, म्हणजे हात घालत होते. आणि त्यात सूनबाईचे हात! अडखळत, चुकत, हसत, पण उत्तरं देत होते. कॅल्शियमचं काही नव्हतं तर. मंगळवारच्या दुपारी ती लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत शिकायला जात होती. "मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "तुम्ही विचारलं नाहीत, बाबा," ती म्हणाली. आणि मी समजत होतो, ही मला दुकानातून बाहेर काढायला आलीय.

त्यांच्यात प्रत्येक माणसाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. माझंही आहे म्हणे, जानेवारीपासून लॅबभर प्रसिद्ध. करून दाखवलं. एक हात डोळ्यांवर आडवा, दुसऱ्या हाताची बोटं तोंडापाशी भराभर उघडमीट. अंधारात बोलणारा. नवरा पोट धरून हसत होता. मी विचारलं, आता बदलणार का? मैत्रिणीने नाही अशी मान हलवली. पडलेलं नाव सहसा बदलत नाही म्हणे. असो. मीही लोकांना काही कमी नावं ठेवलेली नाहीत.

चौघांचे नंबर झाले. चौघांचे शेरे त्यांनाच विचारून लिहिले. निघताना ती माझ्याकडे वळली आणि हातांनी काहीतरी सांगायला लागली. मोठं होतं. मध्ये डोळे आले, चष्मा आला, माझ्याकडे बोट आलं, आणखी काहीतरी आलं जे मला कळलं नाही. ती थांबली. पाचही जण माझ्याकडे बघत उभे राहिले. सूनबाई आत फोनवर होती. माझी मान हलायला लागली. हो, हो.

तिने भुवया उंचावल्या.

मी मान थांबवली. मग हात वर केला आणि पंजा दाखवला. कळलं नाही.

ती माझ्याजवळ आली, उजेडाकडे तोंड करून उभी राहिली आणि पहिल्यापासून, सावकाश, परत सांगायला लागली.